क्षयरोगाच्या डीएनए प्रवर्धन चाचण्या : ‘आढळले’ आणि ‘आढळले नाही’ या शब्दांचा नेमका अर्थ

लेखक : काचपट्टी

गेली अनेक वर्षे मी क्षयरोगाच्या प्रयोगशाळेत काम करते. या काळात रुग्णांचे नातेवाईक हातात अहवाल घेऊन येतात आणि बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात : ‘टीबी आहे की नाही?’ अहवालावर मात्र त्या प्रश्नाचे उत्तर नसते. तेथे ‘क्षयरोगाच्या जीवाणूचा डीएनए आढळला’ किंवा ‘आढळला नाही’ एवढेच लिहिलेले असते. या दोन विधानांमध्ये जे अंतर आहे, त्याबद्दल सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते, कारण ते अंतर न कळल्यामुळे काहींनी विनाकारण सहा महिने औषधे घेतल्याचे आणि काहींनी गरज असतानाही उपचार लांबवल्याचे मी पाहिले आहे.

आधी या जीवाणूचा स्वभाव सांगते. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयरोगाचा जीवाणू सापडल्याचे जाहीर केले. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ निदानाचा कणा सूक्ष्मदर्शक हाच राहिला. बेडक्याचा पातळ थर काचेवर पसरायचा, तो झील-नेल्सन पद्धतीने रंगवायचा आणि निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या शोधायच्या, ही पद्धत स्वस्त आहे आणि सर्वांत संसर्गजन्य रुग्ण ती चांगले ओळखते. तिची मर्यादा अशी की एक मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जीवाणू असल्याशिवाय काचेवर ते सहसा दिसत नाहीत. शिवाय काचेवर दिसणारी लाल काडी क्षयरोगाच्याच जीवाणूची आहे की त्याच्या कुळातल्या एखाद्या निरुपद्रवी भाऊबंदाची आहे, हे केवळ पाहून सांगता येत नाही.

कल्चर, म्हणजे संवर्धन, याहून कितीतरी संवेदनशील आहे आणि मिलिलिटरमागे दहा ते शंभर जिवंत जीवाणू असले तरी त्यात वाढ दिसू शकते. परंतु हा जीवाणू अतिशय सावकाश वाढतो. अनेक नेहमीचे जीवाणू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात, तर याला एकदा विभागायला अठरा ते चोवीस तास लागतात. त्यामुळे घन माध्यमावर वसाहती दिसायला तीन ते आठ आठवडे जातात आणि द्रव माध्यमातही ‘वाढ नाही’ असे म्हणण्याआधी बेचाळीस दिवस थांबावे लागते. एवढा काळ रुग्ण खोकत राहतो, घरातली माणसे त्याच्याजवळ वावरत राहतात आणि डॉक्टरांना अंदाजावर निर्णय घ्यावा लागतो.

डीएनए प्रवर्धनाने बदल केला तो येथे. जीवाणू स्वतः वाढण्याची वाट न पाहता त्याच्या जनुकीय द्रव्याचा एक ठरावीक तुकडा नळीत वाढवायचा, ही पीसीआरची कल्पना कॅरी म्युलिस यांना १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये त्यांना त्यासाठी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. नमुना तापवला की डीएनएचे दोन धागे सुटतात, थोडा थंड केला की प्रायमर नावाचे छोटे तुकडे नेमक्या जागी चिकटतात आणि पॉलिमरेज हे विकर (एन्झाइम) दुसरा धागा विणून देते. ही एक फेरी झाली. प्रत्येक फेरीत संख्या दुप्पट होते असे धरले, तर एका तुकड्यापासून तीस फेऱ्यांनंतर १०७ कोटींहून अधिक प्रती तयार होतात. दर फेरीला नव्वद अंशांपुढचे तापमान सहन करणारे विकर अमेरिकेतील यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत सापडलेल्या ‘थर्मस ॲक्वाटिकस’ या जीवाणूकडून मिळाले. उकळत्या झऱ्यातल्या एका निरुपद्रवी जीवाणूची दुसऱ्या जीवघेण्या जीवाणूला शोधण्यासाठी अशी मदत व्हावी, याचे मला आजही अप्रूप वाटते.

क्षयरोगासाठी शोधण्याचा तुकडा निवडताना सुरुवातीपासून आयएस६११० या अनुक्रमाला पसंती मिळाली, कारण एकाच जीवाणूत त्याच्या अनेक प्रती असतात आणि जितक्या प्रती अधिक तितका शोध सोपा. तरीही काही वाणांत हा अनुक्रम मुळीच नसतो, त्यामुळे केवळ त्याच्यावर विसंबणारी चाचणी अशा वाणांपुढे आंधळी ठरते.

प्रत्यक्ष वापरात मोठा फरक पडला तो एक्सपर्ट एमटीबी/रिफ या चाचणीने, जिला आपल्याकडे पुष्कळ जण सीबीनॅट म्हणून ओळखतात. बेडक्यात दुप्पट द्रावण मिसळून पंधरा मिनिटे ठेवायचे आणि मिश्रण कार्ट्रिजमध्ये घालायचे, एवढेच हाताने करायचे काम उरले. जीवाणू गाळून वेगळे करणे, धुणे, ध्वनिलहरींनी फोडणे आणि प्रवर्धन करणे हे सारे बंद कार्ट्रिजमध्येच घडते आणि दोन तासांच्या आत निकाल मिळतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पेरू, अझरबैजान, दक्षिण आफ्रिका आणि भारत या देशांतील १,७३० रुग्ण होते. काचेवर जीवाणू दिसलेल्या रुग्णांपैकी ९८.२ टक्के या चाचणीने ओळखले, तर काचेवर काहीच दिसले नाही पण कल्चरमध्ये वाढ झाली अशांपैकी एका नमुन्यात ७२.५ टक्के आणि तीन नमुन्यांत ९०.२ टक्के ओळखले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. २०१७ पासून तिची ‘अल्ट्रा’ ही पुढची आवृत्ती वापरात आली. आधीच्या आवृत्तीला मिलिलिटरमागे सुमारे १३० जीवाणू लागत, अल्ट्राला सुमारे १६ पुरतात.

हे आकडे वाचून ही चाचणी म्हणजे अंतिम न्याय असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु यंत्र फक्त एका मर्यादित प्रश्नाचे उत्तर देते : या नळीत आलेल्या या नमुन्यात क्षयरोग-समूहातील जीवाणूच्या जनुकीय द्रव्याचा ठरावीक तुकडा, ओळखता येईल इतक्या प्रमाणात, होता का? तो जीवाणू जिवंत होता का, रुग्णाला आज आजार आहे का, नमुना योग्य जागेचा होता का, यांची उत्तरे यंत्राजवळ नसतात. ती रुग्णाची लक्षणे, क्ष-किरण चित्र, पूर्वीचे उपचार आणि डॉक्टरांचा विचार यांतून मिळवावी लागतात. जाणकारांनी भर घालावी आणि ज्यांना अहवालामुळे संभ्रम झाला असेल त्यांनी निःसंकोच विचारावे.


प्रतिसाद १ : धूळपाटी

लेख वाचून धीर आला, म्हणून लिहितो. माझ्या थोरल्या भावाला दोन वर्षांपूर्वी फुप्फुसाचा क्षयरोग झाला होता. सहा महिन्यांची औषधे त्याने एकही दिवस न चुकवता घेतली आणि शेवटच्या दोन्ही तपासण्या स्वच्छ आल्या. गेल्या महिन्यापासून त्याला पुन्हा खोकला आहे, परंतु ताप नाही आणि वजनही उतरलेले नाही. एका रुग्णालयात त्याचा बेडका तपासला तेव्हा अहवालात ‘आढळले, ट्रेस’ असे आले आणि त्याखाली ‘रिफॅम्पिसिन प्रतिरोध अनिश्चित’ अशी ओळ होती (रिफॅम्पिसिन हे क्षयरोगाचे एक प्रमुख औषध). तेथे आम्हाला दोन वाक्यांत सांगण्यात आले की आजार उलटला आहे, बहुधा औषधांना दाद न देणारा आहे आणि उद्यापासून नवी औषधे सुरू करावी लागतील. घरात त्या रात्री कोणी झोपले नाही. वहिनींनी मुलांची अंथरुणे वेगळ्या खोलीत नेली. ‘ट्रेस’ म्हणजे नेमके काय आणि ‘अनिश्चित’ म्हणजे प्रतिरोध आहे असे समजायचे का, हे कृपया सांगाल का?


प्रतिसाद २ : काचपट्टी

धूळपाटी, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यानेच झोप उडवली आहे. ‘अनिश्चित’ याचा अर्थ प्रतिरोध आहे असा होत नाही आणि नाही असाही होत नाही. तो प्रश्न तपासण्याइतके द्रव्य नळीत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

हे कसे घडते ते सांगते. अल्ट्रा चाचणी दोन प्रकारच्या ठिकाणी शोध घेते. एक आयएस६११० आणि आयएस१०८१ हे अनुक्रम, ज्यांच्या एका जीवाणूत अनेक प्रती असू शकतात. दुसरे आरपीओबी हे जनुक, ज्याची एका जीवाणूत एकच प्रत असते आणि ज्याच्यातील बदलांवरून रिफॅम्पिसिनचा प्रतिरोध ओळखला जातो. नमुन्यात जीवाणूंचे अंश अगदी थोडे असले, तर अनेक प्रती असलेले अनुक्रम सापडतात, पण आरपीओबी सापडत नाही. अशा निकालाला यंत्र ‘ट्रेस’ म्हणते. आरपीओबी हाती लागले नसल्यामुळे प्रतिरोधाबद्दल त्याला काहीच बोलता येत नाही आणि म्हणून ‘अनिश्चित’ ही ओळ येते.

आता ‘ट्रेस’चा अर्थ. ज्या माणसाला पूर्वी कधीच क्षयरोग झालेला नाही, ज्याला एचआयव्हीचा संसर्ग आहे, जे मूल आहे, किंवा जेथे नमुना मेंदूभोवतीच्या पाण्यासारख्या जागेतून घेतलेला आहे, तेथे ‘ट्रेस’ गांभीर्याने घेतात. परंतु ज्या प्रौढ व्यक्तीचे उपचार गेल्या पाच वर्षांत पूर्ण झालेले आहेत, तिच्या बाबतीत फार जपून अर्थ लावावा लागतो. औषधांनी मेलेल्या जीवाणूंचा डीएनए फुप्फुसाच्या जुन्या व्रणांत महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे राहू शकतो आणि खोकल्याबरोबर थोडा थोडा बाहेर येतो. यंत्राला जिवंत आणि मृत यांतला भेद कळत नाही. उपचार चालू असताना प्रगती पाहण्यासाठी ही चाचणी वापरू नये आणि त्यासाठी काचेवरची तपासणी व कल्चर यांवरच विसंबावे, असे सांगितले जाते त्याचे कारण हेच.

आपण डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात असे मला वाटते. कल्चरसाठी नवा नमुना पाठवला आहे का, आताचे क्ष-किरण चित्र उपचार संपले तेव्हाच्या चित्राशी ताडून पाहिले आहे का, आणि खोकल्याची दुसरी कारणे शोधली आहेत का? पूर्वीच्या उपचारांची कागदपत्रे बरोबर न्यावीत. आजार खरोखरच उलटलेला असू शकतो, ही शक्यता मी नाकारत नाही आणि इथून ती कोणालाच नाकारता येणार नाही. म्हणून निकाल येईपर्यंत घरात हवा खेळती ठेवावी आणि भावाने खोकताना तोंड झाकावे, एवढी काळजी जरूर घ्यावी.


प्रतिसाद ३ : नाडीपरीक्षा

मी छातीच्या विकारांवर उपचार करतो. काचपट्टी यांनी लिहिलेले सर्व योग्य आहे, परंतु या चर्चेचा कल ‘आढळले’ या शब्दावर संशय घेण्याकडे झुकतो आहे असे वाटते, म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझ्या अनुभवात अधिक घातक ठरतो तो ‘आढळले नाही’ या शब्दावरचा अतिविश्वास.

क्षयरोग जेव्हा फुप्फुसाबाहेर असतो, तेव्हा जीवाणू संख्येने फार थोडे असतात. फुप्फुसाच्या आवरणात साठलेले पाणी हे मुख्यतः शरीराच्या प्रतिकाराची प्रतिक्रिया असते. त्या पाण्यात जीवाणू क्वचितच तरंगताना सापडतात, त्यामुळे तेथील पाण्याची चाचणी अनेकदा रिकामी येते आणि आवरणाचाच तुकडा तपासणे अधिक उपयोगी ठरते. मेंदूच्या आवरणाच्या क्षयरोगात तर उशीर म्हणजे अपंगत्व किंवा मृत्यू. एका तरुण रुग्णाच्या पाठीतील पाण्याची (म्हणजे पाठीच्या कण्यातून काढलेल्या, मेंदूभोवतीच्या पाण्याची) चाचणी ‘आढळले नाही’ अशी आली होती, ती पाहून दुसऱ्या ठिकाणी त्याची क्षयरोगाची औषधे थांबवण्यात आली आणि तो माझ्याकडे आला तेव्हा त्याची शुद्ध हरपलेली होती. तो वाचला, परंतु त्याची दृष्टी पूर्ववत झाली नाही. पाठीतील पाणी पुरेशा प्रमाणात, म्हणजे काही थेंब नव्हे तर अनेक मिलिलिटर, घेऊन यंत्राने फिरवून खाली बसलेला गाळ तपासला तर चाचणीची क्षमता वाढते, आणि तरीही तिचा नकार अंतिम मानायचा नसतो.

बेडक्याबाबतही हेच आहे. सकाळी खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला दाट बेडका आणि घाईने नळीत टाकलेली लाळ यांतील फरक कोणतेही यंत्र भरून काढू शकत नाही. नमुना कसा द्यायचा हे रुग्णाला दोन मिनिटे समजावून सांगितले, तर त्याचा निदानाला फार मोठा उपयोग होतो. दुर्दैवाने ती दोन मिनिटे सर्वांत आधी वाचवली जातात.

आणखी एक बाब नोंदवतो. या चाचण्यांमुळे मृत्यू झपाट्याने घटतील अशी अपेक्षा होती. दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे, झांबिया आणि टांझानिया येथे झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दवाखान्यातच एक्सपर्ट केल्यावर अधिक रुग्णांना त्याच दिवशी उपचार मिळाले, परंतु पुढच्या काही महिन्यांत रुग्णांच्या प्रकृतीत सूक्ष्मदर्शकाच्या गटापेक्षा ठळक फरक दिसला नाही. याचे एक मोठे कारण असे की काचेवर काही न दिसलेल्या रुग्णांनाही डॉक्टर लक्षणे आणि चित्र पाहून उपचार देतच होते. चाचणीचा वेग महत्त्वाचा आहेच, पण निकाल रुग्णापर्यंत पोहोचला नाही, औषध मिळाले नाही किंवा रुग्णाने उपचार मध्येच सोडले, तर दोन तासांत आलेले उत्तर दोन महिने कागदावरच राहते.


प्रतिसाद ४ : त्रैराशिक

संख्याशास्त्राचा अभ्यासक या नात्याने एक हिशोब मांडतो, कारण काचपट्टी आणि नाडीपरीक्षा हे दोघे एकाच गोष्टीकडे दोन टोकांनी पाहत आहेत असे मला वाटते. सोयीसाठी असे धरू की चाचणी खऱ्या रुग्णांपैकी ८५ टक्के ओळखते आणि निरोगी माणसांपैकी ९८ टक्क्यांना बरोबर निरोगी म्हणते.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेली हजार माणसे घेतली आणि त्यांतल्या २०० जणांना खरोखर क्षयरोग असला, तर १७० जण पकडले जातील आणि उरलेल्या ८०० मधील १६ जणांवर खोटा ठपका येईल. म्हणजे ‘आढळले’ असे आलेल्या १८६ जणांपैकी सुमारे ९१ टक्के खरे रुग्ण असतील. आता तीच चाचणी कोणतेही लक्षण नसलेल्या हजार लोकांवर केली आणि त्यांत फक्त ५ खरे रुग्ण असले, तर ४ सापडतील आणि खोटे ठपके २० जणांवर येतील. तेव्हा ‘आढळले’ असे आलेल्या सहा जणांत जेमतेम एक रुग्ण असेल.

उलट बाजूने पाहा. ज्या हजार जणांत डॉक्टरांना लक्षणे आणि चित्र यांवरून दाट संशय आहे आणि खरोखर ६०० रुग्ण आहेत, तेथे ‘आढळले नाही’ असे ४८२ जणांना सांगितले जाईल आणि त्यांतले ९० जण प्रत्यक्षात आजारी असतील. म्हणजे नकार मिळालेल्या जवळजवळ पाचातला एक. यंत्र तेच, रसायने तीच, परंतु चाचणीपूर्वी संशय किती होता यावर उत्तराचे वजन बदलते.

या संदर्भात अल्ट्राचा अनुभवही बोलका आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक देशांतील तुलनेत काचेवर न दिसणाऱ्या रुग्णांपैकी जुन्या आवृत्तीने ४६ टक्के ओळखले, तर अल्ट्राने ६३ टक्के. त्याच वेळी निरोगी माणसांना निरोगी म्हणण्याची अचूकता ९८ वरून ९६ टक्क्यांवर उतरली. अधिक बारीक जाळे टाकले की मासे अधिक मिळतात आणि गाळही अधिक येतो.


प्रतिसाद ५ : परीक्षानळी

मी आता निवृत्त आहे, परंतु नव्वदच्या दशकात, तयार कार्ट्रिज नव्हती तेव्हा, प्रयोगशाळेतच पीसीआर बनवून चालवणाऱ्यांपैकी एक होतो. ‘खोटे आढळले’ याचा त्या काळातला अनुभव नव्या पिढीने ऐकावा असे वाटते.

एका नळीत अब्जावधी प्रती तयार होत असत. ती नळी उघडताना जो सूक्ष्म तुषार उडतो, त्यातल्या एका थेंबातही पुढच्या शंभर नमुन्यांना पुरून उरेल इतका डीएनए असतो. एकदा आमच्याकडे सलग चार दिवस प्रत्येक नमुन्यात क्षयरोग सापडू लागला. सुरुवातीला आम्हाला वाटले की रुग्णच तसे येत आहेत. पाचव्या दिवशी नियंत्रणासाठी ठेवलेल्या शुद्ध पाण्यातही तोच तुकडा सापडला, तेव्हा पोटात खड्डा पडला. मधल्या काळात काही अहवाल बाहेर गेलेले होते. प्रत्येकाला परत बोलावून नमुना पुन्हा घेतला, त्यांत एक बाळंतीण होती, जिला बाळापासून दूर ठेवण्यात आले होते. तिच्यासमोर उभे राहून चूक आमची होती हे सांगताना जी लाज वाटली, ती आजही जात नाही.

हे केवळ आमच्याकडेच घडत होते असे नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सात प्रयोगशाळांना ओळख झाकलेले सारखेच नमुने देण्यात आले. बहुतेकांचे खोटे ‘आढळले’ ३ ते २० टक्क्यांपर्यंत होते आणि एका प्रयोगशाळेत तर ते ७७ टक्के निघाले. त्यानंतर शिस्त आली. रसायने मिसळण्याची खोली वेगळी, नमुना घालण्याची वेगळी, प्रवर्धनाची वेगळी, आणि माणसाने त्या दिवशी उलट दिशेने जायचे नाही. आधीच्या फेऱ्यांतील प्रती ओळखून नष्ट करणारे विकर वापरात आले. पुढे बंद कार्ट्रिजने तर नळी उघडण्याचा प्रसंगच टाळला.

कार्ट्रिजमध्ये आणखी एक गोष्ट असते, तिचे मला फार कौतुक वाटते. तिच्यात एका निरुपद्रवी जीवाणूचे बीजाणू आधीच ठेवलेले असतात आणि तेही नमुन्याबरोबर फुटले, वाढले आणि सापडले पाहिजेत. बेडक्यातल्या रक्तामुळे किंवा अन्य द्रव्यामुळे प्रक्रिया अडली, तर हे बीजाणूही सापडत नाहीत आणि यंत्र ‘आढळले नाही’ असे न म्हणता ‘निकाल अवैध’ असे सांगते. आम्ही पूर्वी अडलेल्या प्रक्रियेलाच नकार समजत होतो. असा ‘अवैध’ निकाल हाती आला तर तो नकार मानू नये, नमुना पुन्हा द्यावा.


प्रतिसाद ६ : पालवी

आमच्या घरात सासऱ्यांना क्षयरोग झाल्याचे नुकतेच कळले आहे. माझी मुलगी चार वर्षांची आहे आणि ती सतत त्यांच्या मांडीवर असायची. तिला काहीही त्रास नाही. एका परिचितांनी सांगितले की रक्ताची डीएनए चाचणी केली म्हणजे तिला संसर्ग झाला आहे का ते लगेच कळेल. दुसऱ्यांनी शौचाचा नमुना द्या असे सांगितले. ही चाचणी कोणत्या नमुन्यावर करायची असते?


प्रतिसाद ७ : काचपट्टी

पालवी, आपण विचारलेला प्रश्न मुळातच महत्त्वाचा आहे, कारण संसर्ग आणि आजार या दोन वेगळ्या अवस्था आहेत. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात हा जीवाणू कधी ना कधी शिरलेला आहे असा अंदाज आहे आणि त्यांतल्या पाच ते दहा टक्के लोकांनाच आयुष्यात पुढे आजार होतो. सुप्त संसर्गात जीवाणू इतके थोडे आणि इतके दडलेले असतात की बेडक्यात किंवा रक्तात त्यांचा डीएनए सापडण्याची अपेक्षाच नसते. त्यामुळे प्रवर्धन चाचणी संसर्ग ओळखण्यासाठी नाही, आजार ओळखण्यासाठी आहे. संसर्ग पाहण्यासाठी त्वचेची मांटू चाचणी किंवा रक्तातील पेशींचा प्रतिसाद मोजणारी आयजीआरए ही चाचणी असते. त्या दोन्ही शरीराने जीवाणूची घेतलेली ओळख दाखवतात आणि आजार आहे की केवळ संसर्ग, हे त्यांना सांगता येत नाही. रक्तातील प्रतिपिंडे पाहून क्षयरोगाचे निदान करणाऱ्या चाचण्यांविरुद्ध तर जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच स्पष्ट इशारा दिला आहे. अशी तपासणी कोणी सुचवली तर कृपया नाकारा.

शौचाच्या नमुन्याचे म्हणणे मात्र निराधार नाही. लहान मुलांना बेडका थुंकता येत नाही, ती तो गिळतात, आणि गिळलेल्या जीवाणूंचा डीएनए शौचात सापडू शकतो. पोटात नळी घालून पाणी काढण्यापेक्षा हे कितीतरी सुसह्य आहे आणि मुलांसाठी या नमुन्याला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आहे. परंतु ही तपासणी आजाराची शंका असलेल्या मुलासाठी आहे. आपल्या मुलीला लक्षणे नसतील, तर आधी बालरोगतज्ज्ञांनी तिला नीट तपासावे, वजनाची नोंद पाहावी आणि आजार नाही याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक औषधाबद्दल ठरवावे. पाच वर्षांखालील मूल रुग्णाच्या निकट सहवासात असेल, तर हे औषध देण्याची शिफारस आहे, कारण या वयात संसर्गाचे आजारात रूपांतर लवकर आणि गंभीर स्वरूपात होऊ शकते. कृपया यात दिवस घालवू नका.


प्रतिसाद ८ : नाडीपरीक्षा

पालवी यांना दिलेल्या उत्तराला मी दुजोरा देतो आणि त्यांनी आणखी एक माहिती मिळवावी असे सुचवतो. आजोबांच्या बेडक्यात रिफॅम्पिसिनचा प्रतिरोध आढळला आहे का, हे विचारून मुलीच्या डॉक्टरांना जरूर सांगा, कारण मुलीचे प्रतिबंधक औषध निवडताना त्याचा विचार करावा लागतो.

प्रतिरोधाचा विषय निघालाच आहे, तर त्यातील दोन सापळे सांगतो. रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या जीवाणूंपैकी सुमारे ९५ टक्क्यांत आरपीओबी जनुकाच्या ८१ अक्षरांच्या एका छोट्या भागातच बदल झालेला असतो, आणि चाचणी नेमका तोच भाग पाहते. बाकीचे त्याच्या बाहेर असतात. एस्वातिनी या देशात २००९ च्या सर्वेक्षणातील बहुऔषध-प्रतिरोधी वाणांपैकी ३० टक्क्यांत असा बाहेरचा बदल होता आणि तो यंत्राला दिसत नव्हता. याउलट काही बदल असे असतात की जनुकातले अक्षर बदलते पण त्यापासून बनणारे प्रथिन बदलत नाही. तेथे औषध उत्तम काम करत असते, तरी यंत्र प्रतिरोध दाखवते. म्हणून ज्या रुग्णाला प्रतिरोधाचा धोका फारसा नाही, त्याच्या अहवालात तो आला तर नव्या नमुन्यावर चाचणी पुन्हा करतात. आयसोनियाझिड या दुसऱ्या प्रमुख औषधाबद्दल तर ही चाचणी काहीच सांगत नाही. त्यासाठी लाइन प्रोब ही वेगळी जनुकीय चाचणी किंवा दुसरे कार्ट्रिज लागते. ‘रिफॅम्पिसिन प्रतिरोध नाही’ हे वाक्य ‘सर्व औषधे चालतील’ असे वाचू नये.


प्रतिसाद ९ : धूळपाटी

सात आठवड्यांनी परत लिहितो आहे. येथील उत्तरे छापून आम्ही भावाला दुसऱ्या छातीविकार तज्ज्ञांकडे नेले. त्यांनी जुनी आणि नवी क्ष-किरण चित्रे शेजारी शेजारी लावली आणि व्रणांत वाढ नसल्याचे दाखवले. कल्चरसाठी दोन नमुने पाठवले आणि तोपर्यंत औषध सुरू न करता दर आठवड्याला वजन व ताप पाहिला. बेचाळीस दिवस संपले आणि दोन्ही नमुन्यांत वाढ झाली नाही. सीटी स्कॅनमध्ये जुन्या आजाराने रुंदावलेल्या श्वासनलिका दिसल्या असून खोकला त्यांचाच आहे असे ते म्हणाले. सध्या छातीचा व्यायाम चालू आहे आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे. मुलांची अंथरुणे परत मूळ खोलीत आली आहेत. आता एकच काळजी उरली आहे. उद्या तो दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांकडे गेला, तर फायलीतला ‘आढळले’ हा कागद पाहून पुन्हा तेच होणार नाही का?


प्रतिसाद १० : काचपट्टी

धूळपाटी, वाचून फार समाधान वाटले. तो अहवाल फायलीतून काढू नका, कारण तोही खरा आहे. त्याच्यासोबत एकाच कागदावर पुढील नोंदी तज्ज्ञांच्या सहीने करून घ्या : पहिला उपचार कधी सुरू झाला आणि कधी संपला, प्रवर्धन चाचणीचा निकाल ‘ट्रेस’ श्रेणीचा होता, ती कोणत्या दिवशी झाली, त्यानंतरच्या दोन्ही कल्चरमध्ये बेचाळीस दिवसांत वाढ झाली नाही, आणि सीटी स्कॅनमध्ये काय दिसले. पुढे ताप आला, वजन उतरू लागले किंवा बेडक्यात रक्त दिसले, तर तीन महिन्यांची वाट न पाहता लगेच तपासणी करून घ्या, आणि त्या वेळी प्रवर्धन चाचणीबरोबर कल्चरचा नमुना पहिल्याच दिवशी पाठवायला सांगा.